कांद्याच्या चाळीसारखा लॅपटॉपलाही वारा द्या



एप्रिलअखेरीस खरीपपूर्व बैठकीसाठी खानदेशातील एका गावी गेलो होतो. बैठक आटोपली तेव्हा बारा वाजून गेले होते. बाहेर फुफाटा उडत होता. ज्यांच्या ओट्यावर बैठक झाली त्या नानांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. जेवणे झाली, सुपारी झाली, आणि मग नानांनी मला बाजूला घेऊन हळूच म्हटले, "साहेब, आपल्या गोऱ्ह्याला एखादं चांगलं गिऱ्हाईक बघा ना."

मला नवल वाटले. गोऱ्हा अडीच वर्षांचा, अंगापिंडाने भरलेला. यंदा शिकवायचा आणि पुढच्या वर्षी जोडीला लावायचा, असे नानांनीच मला दिवाळीत सांगितले होते. "कामाला येता येता गोऱ्हा कशाला विकता?" मी विचारले.

तेव्हा खरी गोष्ट कळली. नानांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसा गावातील लोकांचे निरनिराळ्या योजनांचे अर्ज भरून देते आणि रात्री स्वतःचा अभ्यास करते. लॅपटॉप रोज दहा-दहा तास चालतो. महिन्याभरापासून तो दुपारी काम करता करता एकाएकी बंद पडू लागला होता. एका दुकानात दाखवला, तर 'आतला बोर्ड गेला, आता नवाच घ्या' असे उत्तर मिळाले. परीक्षा तोंडावर आलेली, नव्या लॅपटॉपला चाळीस हजार हवेत. म्हणून गोऱ्हा निघाला होता बाजारात.

"ताई, तू बसतेस कुठं ते दाखव बरं," मी म्हटले.

तिने मागच्या खोलीत नेले. वर पत्रे. भाव येईल म्हणून राखून ठेवलेला कापूस छातीइतका भरलेला. त्या कापसाच्या उतारावर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप, आणि चार्जर कापसात रुतलेला. लॅपटॉप नुकताच चालू केला होता, तरी आतला पंखा मळणी यंत्रासारखा घोंघावत होता. खाली हात घातला, तर तळ हाताला सोसवेना. मी तो बंद करायला लावला आणि उलटा करून पाहिला. तळाच्या जाळीवर पांढऱ्या तंतूंचा थर बसला होता. बोटाने ओढला तर वातीसारखा निघाला.

"नाना," मी म्हटले, "चार दिवस गोऱ्हा दावणीलाच राहू द्या. लॅपटॉप गेला की राहिला ते मागाहून पाहू. आधी त्याचा गुदमरलेला जीव मोकळा करू."

त्याच घराच्या परसात नानांची कांदाचाळ उभी आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, तळाला फटी, बाजूंना फटी. खालून वारा शिरावा आणि कांद्याची ऊब घेऊन बाहेर जावा, हे सगळे नानांना पक्के ठाऊक. कांद्याखाली वारा खेळवणाऱ्या घरात लॅपटॉपखाली मात्र कापूस! हे एका नानांचेच नाही. हल्ली फिरतीवर असताना घरोघर मी हेच पाहतो. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढून लॅपटॉप घेतला जातो, पण तो कसा ठेवावा हे कोणी सांगत नाही. म्हणून आज त्याबद्दल लिहितो.

उष्णता येते कोठून?

लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ४५ वॅट, ६५ वॅट असे काहीतरी छापलेले असते. साध्या लिहिण्या-वाचण्याला त्यातील थोडीच वीज लागते. व्हिडिओ पाहणे, मोठी कामे करणे, एकाच वेळी वीस पाने उघडी ठेवणे याला जास्त लागते. पण जेवढी वीज आत खर्च होते, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला आपण ६० वॅटचा बल्ब लावतो. भरपूर काम करणारा लॅपटॉप म्हणजे जवळपास तसाच एक बल्ब समजा. तो बल्ब गोधडीत गुंडाळून ठेवायला कोणी धजेल काय?

ही उष्णता बाहेर काढण्याची सोय लॅपटॉपमध्ये केलेली असते. आत नखाएवढी एक चिप असते, तिला प्रोसेसर म्हणतात. सगळ्यात जास्त तापते ती. तिच्यावर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. नळीत थेंबभर द्रव असतो. तो गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा पाणी होतो आणि उष्णता वाहून नेतो. थंड टोकाशी धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते. लहानसा पंखा बहुधा तळाच्या जाळीतून हवा ओढतो आणि पात्यांमधून बाजूला किंवा मागे फेकतो. डिझेल इंजिनाचा रेडिएटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. काही पातळ लॅपटॉपना पंखाच नसतो. त्यांचे अंगच उष्णता बाहेर टाकते. अंगच झाकले तर त्यांचीही तीच गत.

प्रोसेसर साधारण शंभर अंशांच्या आसपास तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. थकलेला बैल पाय ओढू लागतो, तसे. तरीही उष्णता वाढतच राहिली तर लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होतो. नानांच्या घरी हेच होत होते. तो बिघाड म्हणण्यापेक्षा इशारा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंखा गारवा निर्माण करत नाही. खोलीतली हवाच आत घेऊन बाहेर टाकतो. खोली ४२ अंशांवर असेल तर तो ४२ अंशांचीच हवा आत घेणार. बहुतेक कंपन्या आपले लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असे सांगतात. खानदेश-विदर्भात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, आणि पत्र्याखाली तर त्याहून अधिक. तेव्हा आपल्याकडे थोडी जास्तच काळजी घ्यावी लागणार.

बसण्याची जागा

घरातील सर्वांत थंड खोली लॅपटॉपला द्यावी. जुने धाब्याचे घर असेल तर भर दुपारी पत्र्याच्या खोलीपेक्षा तेथे नक्कीच बरे. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत ऊन लवकर आत येऊ देत नाहीत. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिला टेकून बसू नये. खिडकीतून लॅपटॉपवर ऊन पडू देऊ नये. पत्र्याखालीच बसणे भाग असेल तर पत्र्यावर उन्हाळ्यापुरता चुन्याचा पांढरा हात मारावा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खोलीतील माणसांनाही त्याचा आराम मिळतो.

जेथे कापूस, कडबा किंवा भुसा भरला आहे, त्या खोलीत लॅपटॉप चालवूच नये. याचे एक कारण तंतू आणि धूळ, दुसरे कारण आग. त्याबद्दल पुढे सांगतो.

लॅपटॉपच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी असावी. हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते ते हात धरून पाहावे आणि ती बाजू भिंतीकडे किंवा पुस्तकांच्या ढिगाकडे करू नये. टेबलफॅन असेल तर त्याचा झोत लॅपटॉपवरून आडवा जाईल असा ठेवावा.

कूलर कोरड्या उन्हाळ्यात चांगला. खोली गार झाली की लॅपटॉपला मिळणारी हवाही गार होते. पण कूलरच्या तोंडाशी बसू नये, कारण त्यातून पाण्याचे बारीक तुषार उडतात. चार-सहा हात अंतर ठेवावे आणि एक खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा कूलरचा उपयोग नाही, उलट दमटपणा वाढतो. तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवणे किंवा त्याखाली बर्फाची पिशवी ठेवणे असले उपाय काही मुले करतात. ते अजिबात करू नयेत. थंड धातूवर हवेतील पाणी जमते आणि ते आत झिरपले तर लॅपटॉप कायमचा जातो.

खाली काय असावे?

गोधडी, गादी, उशी, मांडी आणि बाजेवरची वाकळ या पाच ठिकाणी लॅपटॉप ठेवू नये. मऊ वस्तूत त्याचे रबरी पाय रुततात आणि तळाची जाळी बंद होते. खाली नेहमी कडक आणि सपाट वस्तू असावी. टेबल नसले तरी अडत नाही. जेवायचा पाट चालतो. शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो.

लॅपटॉपची मागची कड बोटभर उचलली तर खालून हवा अधिक मोकळी जाते. त्यासाठी बाटलीची दोन सारखी झाकणे मागच्या पायांखाली ठेवली तरी पुरे. मात्र झाकण जाळीवर येऊ नये आणि लॅपटॉप डुगडुगू नये. ज्यांच्या घरी पोथी वाचायची लाकडी ठवणी आहे, त्यांना तिची रचना माहीतच आहे: वर तिरपा आधार, खाली मोकळी जागा. गावच्या सुताराकडून तशीच, थोडी रुंद ठवणी करून घ्यावी. बाजारात पंखे लावलेले स्टँड मिळतात, तेही चालतात. पण आधी जागा आणि स्वच्छता सुधारावी, मग जरूर वाटली तर पैसे घालावेत.

धूळ, भुसा आणि तंतू

शहरातील लॅपटॉपपेक्षा आपल्या घरातील लॅपटॉप जास्त धूळ खातो. मळणीचा भुसा, उन्हाळ्यातला फुफाटा, चुलीचा धूर आणि कापसाचे तंतू हे सगळे पंख्याबरोबर आत जाते आणि पात्यांच्या जाळीवर बसते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर भुसा बसला की इंजिन तापते, तसेच हे.

आठवड्यातून एकदा लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसावा. जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. ओले फडके नको. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर वाफ आणि थुंकीचे कण आत जातात. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा मारून घेण्याचा मोह होतो, तोही टाळावा. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात आणि तिच्या जोराने आतला नाजूक पंखा भरधाव फिरून बिघडतो.

आतली सफाई वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. शेतीच्या दृष्टीने फेब्रुवारी महिना बरा. त्याने आतला पंखा आणि पात्यांची जाळी साफ करावी. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो. तो काही वर्षांनी वाळतो. वाळला असेल तर नवा लावून घ्यावा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्रातच न्यावा. दुकानदाराने बोर्ड गेला असे सांगितले, तरी "आधी उघडून, साफ करून दाखवा" असे म्हणायला संकोचू नये.

कामाची वेळ

वैशाखात भर बाराला नांगर धरणारा शेतकरी मी पाहिला नाही. पहाटे आणि संध्याकाळी काम, दुपारी बैल सावलीत. लॅपटॉपलाही हाच नियम लावावा. व्हिडिओ, मोठ्या फाइली उतरवून घेणे, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणे ही जड कामे सकाळी दहापूर्वी किंवा रात्री करावीत. दुपारी फक्त लिहिणे-वाचणे. जेवायला उठताना झाकण नुसते मिटू नये; लॅपटॉप बंद करावा. तास-दीड तासाच्या कामानंतर दहा मिनिटे थांबले तर यंत्राला आराम आणि मुलांच्या डोळ्यांनाही.

न लागणारी पाने बंद ठेवावीत. पडद्याचा उजेड डोळ्यांना पुरेल इतकाच ठेवावा. काही न करताही पंखा घोंघावत असेल तर विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. 'टास्क मॅनेजर' उघडतो आणि कोणते काम प्रोसेसरला राबवते आहे ते दिसते.

प्रवासाची एक गोष्ट. झोपेत टाकलेला, म्हणजे 'स्लीप' केलेला लॅपटॉप बॅगेत कधी कधी आपोआप जागा होतो आणि बंद बॅगेत भाजून निघतो. बॅगेत घालण्यापूर्वी तो पूर्ण बंद करावा. उन्हात उभ्या गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नये.

बॅटरी: येथे हयगय नको

लॅपटॉपची बॅटरी लिथियम आयन जातीची असते. तिला उष्णता मानवत नाही, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तर अधिकच मानवत नाही. रोज दहा तास चार्जर लावून काम करणाऱ्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आपल्या लॅपटॉपमध्ये आहे का ते पाहावे. पुष्कळ कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ती असते. महिनाभर वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरून, लॅपटॉप बंद करून थंड कोरड्या जागी ठेवावा.

म्हातारी किंवा फार तापलेली बॅटरी फुगते. तिची लक्षणे अशी: बोट फिरवायची पट्टी वर उचलली जाते, झाकण नीट मिटत नाही, सपाट पाटावर ठेवला तरी लॅपटॉप डुगडुगतो. असे दिसताच चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि कापूस, कडबा, कपडे यांपासून दूर उघड्या फरशीवर ठेवावा. फुगवटा दाबू नये, टोचू नये. पुन्हा चार्जिंगला लावू नये. कारागिराला आधी सांगून मगच त्याच्याकडे न्यावा. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत कदापि टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. धूर निघू लागला तर आधी माणसे बाहेर काढावीत, तो धूर छातीत जाऊ देऊ नये आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

चार्जरही तापतो. तो उघड्या जमिनीवर असावा. अंथरुणाखाली, कापसात किंवा धान्याच्या पोत्यांत नसावा. हरवला तर स्वस्तातला कोणताही न घेता, जुन्यावरचे व्होल्ट तंतोतंत जुळणारा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि बीआयएसचे चिन्ह असलेला घ्यावा. छातीइतक्या कापसात रुतलेला तो चार्जर आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. वर्षाची कमाई आणि घरातील लेक एकाच खोलीत होती.

कागदावर उतरवून भिंतीवर लावा

रोज: खाली पाट किंवा ठवणी, भोवती वीतभर जागा, चार्जर उघड्यावर, काम संपताच पूर्ण बंद.

आठवड्याला: बंद करून कोरडी सफाई, जाळी झाडणे, झाकण, पट्टी आणि तळ पाहून बॅटरी फुगली नाही ना याची खात्री.

उन्हाळ्यात: जड काम सकाळी किंवा रात्री, थंड खोली, कूलरपासून चार-सहा हात दूर.

वर्षाला: उन्हाळ्यापूर्वी कारागिराकडून आतली सफाई.

नेहमी: महत्त्वाच्या कागदांची आणि अभ्यासाची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी.

एवढे करूनही लॅपटॉप सकाळच्या गारव्यातही बंद पडत असेल, तर दोष दुसरा काही असू शकतो. मग कारागिरालाच दाखवावा. सगळेच आजार उष्णतेचे नसतात.

आता नानांकडचे सांगून संपवतो. त्या लॅपटॉपची बॅटरी सुदैवाने फुगली नव्हती. दुसऱ्या एका कारागिराने तो उघडला, तेव्हा पात्यांच्या जाळीवर गादीच्या अस्तरासारखा कापसाचा पापुद्रा निघाला. सफाई आणि नवा लेप मिळून सहाशे रुपये लागले. मुलीने आपले बस्तान धाब्याच्या खोलीत हलवले. सुताराने तिला बाभळीच्या फळीची ठवणी करून दिली. भर दुपारचे अर्ज ती आता सकाळी भरते. सगळे पेपर तिने याच लॅपटॉपवर अभ्यास करून दिले.

जूनच्या पहिल्या पावसानंतर मी त्या बाजूला गेलो होतो. नाना बांधाजवळ गोऱ्ह्याला जू शिकवत होते. गोऱ्हा अजून मान झटकत होता. मला पाहून नाना हसले आणि म्हणाले, "साहेब, हा शिकेल हळूहळू. शिकणारे दोघंही घरातच राहिले, हे बरं झालं."

आपल्या घरी लॅपटॉप असेल तर आज रात्री मुले कामाला बसतील तेव्हा त्याच्या तळाशी एकदा हात लावून पाहा. गोधडी असेल तर काढा आणि पाट द्या.